भास्कराचार्यांची वंशावळ कशी शोधावी : मुंबईतून करायचं काम, पायरीपायरीने

गणपतीत दादरला मामाकडे सगळे जमलो होतो. आरती झाल्यावर मामाने कपाटावरून एक गुंडाळी काढली आणि जाजमावर पसरली. घराण्याची वंशावळ, रंगीत प्रिंट काढून आणलेली. अगदी वर 'भास्कराचार्य', त्याखाली एक लांब बाण, आणि बाणाच्या टोकाला मामाच्या खापरपणजोबांचं नाव.

"मामा, हा बाण किती वर्षांचा?"

"अगं, गोत्र शांडिल्य, मूळ घर चाळीसगावकडचं, घरात पिढ्यान् पिढ्या पंचांगाचं काम. आणखी काय पाहिजे?"

तो बाण सहाशेहून जास्त वर्षांचा होता. मामाचा अभिमान खोटा नाही, पण त्या बाणाखाली काहीच नव्हतं. आणि वाईट याचं वाटलं, की बाणाच्या वरच्या टोकाला जी खरी, दगडावर कोरलेली वंशावळ आहे, तिचा त्या कागदावर मागमूस नव्हता. ती वंशावळ शोधायला मुंबईइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल, कारण तिची पहिली महत्त्वाची दखल मुंबईच्याच एका डॉक्टरने घेतली. ती कशी गाठायची, कशी तपासायची आणि कुठे थांबायचं, ते इथे सांगते. उदाहरण भास्कराचार्यांचं असलं तरी हीच रीत कुठल्याही जुन्या पंडिताला लागू पडते.

आधी माणूस पक्का करा

नावावर जाऊ नका. भास्कर नावाचे निदान तिघे तुम्हाला भेटणार. एक सातव्या शतकातले, 'महाभास्करीय'वाले, ज्यांनी आर्यभटीयावर ६२९ मध्ये भाष्य लिहिलं. दुसरे आपले 'लीलावती' आणि 'सिद्धान्तशिरोमणी'वाले, बाराव्या शतकातले. तिसरे भास्करभट्ट, याच दुसऱ्या भास्करांचे पूर्वज. मी स्वतः सुरुवातीला या तिसऱ्या आणि दुसऱ्याची गल्लत केली होती. भोजराजाने ज्यांना 'विद्यापती' पदवी दिली ते आपले भास्कराचार्य, असं वहीत लिहून टाकलं आणि पुढचा सगळा हिशेब शंभर वर्षांनी चुकत गेला. नातू-पणतूला पूर्वजाचं नाव ठेवायची आपली चाल लक्षात ठेवा. एकाच घरात तेच नाव पुन्हा येणं हाच नियम समजा.

मग एक लांब वही घ्या, पान आडवं धरा आणि चार रकाने आखा: नाव, नातं, हे कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं. तिसरा आणि चौथा रकाना भरता येत नसेल तर पहिल्या रकान्यात नाव लिहायचं नाही. हा नियम कडक वाटेल, पण वंशावळीतला निम्मा गोंधळ इथेच थांबतो.

त्यांच्याच तोंडून सुरुवात

जुने ग्रंथकार स्वतःबद्दल फार बोलत नाहीत. जे बोलतात ते बहुधा ग्रंथाच्या शेवटी. म्हणून छापील प्रत हातात आली की शेवटची पानं आधी उघडायची. 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात, प्रश्नाध्यायाच्या अखेरीस भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष दिलं आहे: 'रसगुणपूर्णमहीसमशकनृपसमयेऽभवन्ममोत्पत्तिः'. हे आकडे शब्दांत लपवलेले असतात. रस म्हणजे सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. उजवीकडून डावीकडे मांडायचे: शके १०३६. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १११४. पुढच्याच ओळीत ते सांगतात की छत्तिसाव्या वर्षी हा ग्रंथ रचला, म्हणजे ११५० साल. ही आकडेमोड स्वतः करून पाहा. दुसऱ्याने काढलेला सन उतरवून घेण्यात आणि त्या शब्दांतून स्वतः तो सन बाहेर काढण्यात फार अंतर आहे.

त्याच भागात वडिलांचं नाव येतं: महेश्वर, शांडिल्य गोत्र, राहणार सह्यकुलाचलाच्या आश्रयाला वसलेल्या 'विज्जडविड' नगरात. 'बीजगणिता'च्या अखेरीस आणखी एक मोलाची गोष्ट आहे: ज्ञानाची कळी आपल्याला याच महेश्वरांकडून मिळाली. म्हणजे वडील हेच गुरू. वहीत नात्याच्या रकान्यात दोन्ही लिहा, कारण पंडितांच्या घराण्यात गुरुपरंपरा आणि वंशपरंपरा बऱ्याचदा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि पुढे 'शिष्य'चा 'पुत्र' होऊन बसतो.

ग्रंथ संपताना किंवा अध्याय संपताना येणाऱ्या ओळीला पुष्पिका म्हणतात. 'इति श्रीमहेश्वरोपाध्यायसुतश्रीभास्कराचार्यविरचिते' अशा ओळी शोधा. यातला 'सुत' हा शब्द आपल्या कामाचा. मात्र पुष्पिकेखाली दुसरंही एक नाव असू शकतं, ते प्रत उतरवणाऱ्याचं. त्याचा ग्रंथकाराच्या घराण्याशी संबंध असेलच असं नाही.

दगड काय म्हणतो

आता टाऊन हॉल. हॉर्निमन सर्कलसमोरच्या त्या रुंद पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयात जायचं. (सभासद नसाल तर आधी फोन करून परवानगीची रीत विचारून घ्या, आणि काय पाहायचं आहे ते नेमकं लिहून न्या.) याच संस्थेच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आयुष्याचा मोठा भाग घातला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले हे डॉक्टर. दवाखाना सांभाळून शिलालेख वाचायचे, पोथ्या जमवायचे. भायखळ्याच्या संग्रहालयावर त्यांचं नाव आहे, पण त्यांचं हे काम बघायचं तर इथे यावं लागतं. चाळीसगावजवळच्या पाटण गावातल्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे आणि त्यात भास्कराचार्यांची पिढीजात नावं आहेत, हे त्यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलेले जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी त्याचा पूर्ण पाठ 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात छापला. हा खंड मागवा. जुने खंड आर्काइव्ह डॉट ऑर्गवरही स्कॅन केलेले आहेत, पण ते जाडजूड पुस्तक टेबलावर उघडून एक दुपार बसाच.

पाटणच्या लेखातला क्रम असा: कविचक्रवर्ती त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भास्करभट्ट (भोजराजाकडून 'विद्यापती' पदवी), मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वरांचे पुत्र आपले भास्कराचार्य. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर, ज्यांना यादव राजा जैत्रपालाने नेऊन पंडितांचा अग्रणी केलं. लक्ष्मीधरांचे पुत्र चंगदेव, सिंघण यादवाच्या दरबारातले मुख्य ज्योतिषी. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चंगदेवांनी मठ काढला. त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं, म्हणून हा लेख.

इथे दोन नावं मराठी माणसाला हमखास फसवतात. हे चंगदेव म्हणजे वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला आलेले चांगदेव नव्हेत. आणि याच लेखातला हेमाडीदेव हा सोइदेवाचा भाऊ, देवळं बांधणारा हेमाडपंत नव्हे. गूगलवर शोधाल तर हे चौघे एकमेकांत कालवलेले सापडतील.

लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील आला की भाषा एकदम मराठी होते: 'इयां पाटणीं जें केणें उघटे...' केणें म्हणजे विकायचा माल. या पाटणात जो माल विक्रीला उघडला जाईल, त्यावरचं राउळाकडे, म्हणजे राजाकडे जाणारं उत्पन्न मठाला दिलं, असा अर्थ. पहिल्यांदा त्या ओळीवर बोट ठेवून वाचलं तेव्हा मी वाचनालयात आहे हे विसरून मोठ्याने वाचलं. व्यापाऱ्याला, गिऱ्हाइकाला कळावं म्हणून तेवढा भाग त्यांच्या बोलीत आला असावा. आठशे वर्षांपूर्वीचा बाजार आणि त्या बाजाराच्या पैशावर चालणारी गणिताची शाळा, दोन्ही त्या काही शब्दांत आहेत.

तारीख तपासायची, उतरवायची नाही

लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण असं आहे. यात ७८ मिळवले तर १२०६ येतं आणि बऱ्याच पुस्तकांत तेच छापलेलं दिसेल. पण संवत्सर तपासा. संवत्सरं साठ आहेत आणि प्रभव पहिलं. आपल्या आठवणीतलं प्रभव १९८७च्या गुढीपाडव्याला सुरू झालं, शके १९०९. त्यातून साठाचे तेरा फेरे, म्हणजे ७८० वजा केले की उरतात ११२९. म्हणजे दगडावरचा शक आणि संवत्सर यांत एका वर्षाचा फरक आहे. निवाडा करतं ते ग्रहण: ९ ऑगस्ट १२०७ रोजी श्रावण पौर्णिमेला चंद्रग्रहण झालं होतं. म्हणून वहीत १२०७ लिहा आणि शेजारी बारीक अक्षरात ११२८चा आकडाही ठेवा. शिवाय ही तारीख दानाची आहे. लेख कोरला त्या दिवसाची म्हणून ती वापरू नका.

दुसरी शाखा

एका लेखावर समाधान मानू नका. चाळीसगाव तालुक्यातच गिरणेच्या काठी बहाळ गाव आहे. तिथला शके ११४४चा, म्हणजे १२२२चा लेख याच घराण्याची दुसरी फांदी सांगतो: मनोरथ, महेश्वर, मग श्रीपती, गणपती आणि अनंतदेव. अनंतदेवही सिंघणाचे ज्योतिषी. म्हणजे श्रीपती हे भास्कराचार्यांचे भाऊ. कीलहॉर्न यांनीच हा लेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या तिसऱ्या खंडात दिला आहे. एका लेखातलं महेश्वरांचं नाव पंधरा वर्षांनंतरच्या दुसऱ्या लेखात, दुसऱ्या पणतूच्या बाजूने पुन्हा भेटतं, तेव्हा तो दुवा पक्का झाला. वहीत अशा नावाखाली दोन रेघा मारते. भास्कराचार्यांच्या वडिलांखाली तर तीन, कारण स्वतः मुलाचा शब्दही आहे.

पिढ्यांचा हिशेब

हा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच फसतात. भास्करभट्टांपासून भास्कराचार्यांपर्यंत पाच पायऱ्या आहेत. धारच्या भोजाची कारकीर्द अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, १०५५च्या सुमारास संपलेली. पदवी मिळाली तेव्हा भास्करभट्ट चाळिशी-पन्नाशीत होते असं धरलं, तर त्यांचा जन्म फार तर १०१०च्या आसपास. तिथून १११४पर्यंत साधारण शंभर वर्षं, पाच पायऱ्या, दर पिढीला वीस-एकवीस. जन्म त्याआधीचा धरला तर थोडा सैल. जरा घट्ट बसतं, पण त्या काळातल्या लग्नाच्या वयांना धरून बसतं.

आता तोच हिशेब वर लावा. 'नलचंपू' लिहिणारे एक प्रसिद्ध त्रिविक्रमभट्ट आहेत, तेही शांडिल्य गोत्राचेच. नाव तेच, गोत्र तेच, मोठे कवी. लेखातले कविचक्रवर्ती त्रिविक्रम हेच, असं मानणारे अभ्यासकही झाले. पण या त्रिविक्रमभट्टांचा काळ राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राचा, त्याच्या दानपत्राचा मजकूर त्यांनी रचला ते साल ९१५. बाप ९१५ मध्ये राजाचं दानपत्र रचण्याइतका मोठा आणि मुलाला भोजाकडून पदवी, भोज गादीवर आलाच १०१०च्या सुमारास. बाप-मुलात शंभर वर्षांचं अंतर बसत नाही. मधल्या पिढ्या गळल्या असतील किंवा हे त्रिविक्रम वेगळे असतील. वहीत मी दोघांना वेगळ्या पानांवर ठेवलं आहे. नाव आणि गोत्र जुळलं तरी काळ जुळल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हे मामाला पटलं ते याच उदाहरणावरून.

गोत्राबद्दल इथेच सांगते. शांडिल्य गोत्राची घरं देशस्थांत आहेत, कोकणस्थांत आहेत, महाराष्ट्राबाहेर तर कितीतरी. लग्न जुळवताना गोत्राचा उपयोग असेल, वंश सिद्ध करायला त्याचा पुरावा होत नाही.

गाव कुठलं

विज्जडविड कुठे, यावर वाद आहे. कोणी विजापूर म्हटलं, कोणी बीड. मला पाटणच्या बाजूचा एक शब्द वजनदार वाटतो. लक्ष्मीधरांना जैत्रपालाने नेलं, कुठून? लेख म्हणतो 'पुरादतः', या गावातून. 'या' हा शब्द पाटणच्या दगडावर आहे. निदान मुलाच्या वेळी घर तिथे होतं, इतकं त्यातून निघतं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात (१८९६) या घराण्याची मांडणी केली आहे. ते पुस्तक मराठीतच आहे आणि अजून कोणी त्याच्या तोडीचं लिहिलेलं नाही असं माझं मत आहे. जुन्या मराठी पुस्तकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा.

पोथ्या

वंशज आणि टीकाकार शोधायचे तर हस्तलिखितांच्या सूची लागतात. एशियाटिकच्या संग्रहाची ह. दा. वेलणकरांनी केलेली सूची मुंबईकरासाठी पहिली. संस्कृत ज्योतिषाच्या ग्रंथकारांसाठी डेव्हिड पिंग्री यांचे पाच खंड आहेत. त्यांत नाव काढलं की वडील, गाव, काळ आणि कुठल्या संग्रहात पोथी आहे, सगळं एका जागी मिळतं.

सराव म्हणून जवळचं घराणं घ्या: मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, 'ग्रहलाघव'कार, शके १४४२. वडील केशव, गोत्र कौशिक, आणि आईचं नावही माहीत आहे, लक्ष्मी.

बायकांची नावं

हे शेवटचं नाव मुद्दाम सांगितलं. भास्कराचार्यांच्या घराण्यात आठ-नऊ पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे आहेत, बाई एकही नाही. लोक लगेच म्हणतील, लीलावती होती ना, त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून जिचा मुहूर्त टळला. ही गोष्ट आपल्याला अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून मिळते, भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. ग्रंथात 'अये बाले लीलावति' अशी हाक खरी आहे, पण ती मुलगी असल्याचं ग्रंथ सांगत नाही, दगडही सांगत नाही. मला ती मुलगी असायला हवी होती. तरीही रकाना रिकामा ठेवला.

आपल्या बाजूने वर चढताना

आता कागदाचं खालचं टोक. इथे उलट जायचं, आजपासून मागे. शाळा सोडल्याचा दाखला, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातले जन्म-मृत्यूचे दाखले, गावाकडचे सातबारा आणि जुने फेरफार. इनाम किंवा वतन असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपल्या तीर्थोपाध्यायांची वही: आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते तुमच्या घराचं पान उघडतात, आणि कधी पणजोबांची सहीच समोर येते. छापील कुलवृत्तांत असेल तर वापरा, पण त्यातल्या प्रत्येक पिढीला तेच विचारा: कोणी सांगितलं, केव्हा? पाटण-बहाळच्या लेखांत कुणालाच आडनाव नाही, त्यामुळे आडनावाच्या जोरावर तेराव्या शतकात पोचता येत नाही. डीएनए चाचणीही इथे उपयोगाची नाही, कारण ताडून पाहायला भास्कराचार्यांचा सिद्ध झालेला एकही वंशज नाही.

मामाच्या घरचे कागद १८२०च्या आसपास संपले. दगडावरची नावं तेराव्या शतकाच्या पहिल्या पावात संपतात. मधली जागा मी नव्या कागदावर कोरी सोडली, बाण काढला नाही.

सवड झाली की पाटणला जाऊन या. दादरहून भुसावळकडची गाडी, चाळीसगावला उतरायचं, तिथून पुढे रस्त्याने गौताळ्याच्या जंगलाच्या कडेने. निघण्यापूर्वी लेखाच्या छापील पाठाची झेरॉक्स बरोबर घ्या. दगडाला तेल, कुंकू, खडू काहीही लावायचं नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बाजूने धरलेल्या टॉर्चच्या उजेडात अक्षरं उठून दिसतात, समोरून फ्लॅश मारला तर सपाट होतात.

आणि एक काम आजच करा, कारण ते थांबणार नाही. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि माहेरची नावं विचारा: तिचं, तिच्या आईचं, सासूचं, आजेसासूचं. मामीच्या आई नव्वदीच्या आहेत. त्यांनी एका दुपारी शेंगा सोलता सोलता सात नावं सांगितली, माहेरच्या गावांसकट. त्यातली पाच कुठल्याच दाखल्यावर नाहीत. मी ती वहीत उतरवली, तिसऱ्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं आणि चौथ्यात त्या दिवसाची तारीख.